खडूची खूण

रायपूरच्या गुढियारीतल्या माझ्या भट्टीवर एकदा एक निवृत्त गृहस्थ आले. शर्टाच्या खिशातून त्यांनी लोहचुंबक काढलं आणि मांडून ठेवलेल्या चाकूंना एकेक करून लावून पाहिलं. सगळ्यांना चिकटलं. मग चोर सापडल्यासारखे माझ्याकडे पाहत म्हणाले, "स्टेनलेस को चुंबक नहीं चिपकता." मी समजावलं की बाहेरून स्टेनलेस आहे पण मध्ये साधं पोलाद आहे, चुंबक त्या पोलादाला चिकटतं, आणि चाकूची सगळी करामत त्या मधल्या पोलादातच आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मतलब मिलावट है," म्हणाले आणि चुंबक खिशात टाकून निघून गेले.

मला त्यांचा राग आला नाही. मी स्वतः त्याच जातकुळीचा. आमची ही म्हणते, "तुमी तं देवाचा प्रसादही हुंगून पाहता." पाहतो. लोहारकाम करणाऱ्याने हुंगूनच पाहावं. भंगारवाला ज्याला ट्रकच्या कमानीचा पाटा म्हणतो तो कमानीचा असेलच असं नाही, आणि वरून दोन्ही लोखंडं सारखीच गंजकी दिसतात. म्हणून तुकडा आधी ग्राइंडरला लावायचा. चांगल्या पोलादाच्या ठिणग्या लांब उडतात आणि टोकाला फुटतात, दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. स्टेनलेसच्या ठिणग्या आखूड, तांबूस, आळशी. रेल्वेच्या कारखान्यात भट्टीवर उमेदवारी करताना मी हे शिकलो आणि पुढे माणसांनाही तसंच पाहायची सवय लागली. माणूस ग्राइंडरला लावता येत नाही, एवढंच.

आमचा चाकू कसा बनतो ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पोलादाला धार उत्तम येते, पण लिंबू कापून तसाच ठेवला तर चाकू गंजतो. स्टेनलेस गंजत नाही, पण आमच्याकडे भांडीवाल्यांकडून येतं त्या स्टेनलेसला धार धरून ठेवता येत नाही. म्हणून तीन पट्ट्यांची चळत करायची: मध्ये पोलाद, दोन्ही अंगांना स्टेनलेस. पट्ट्या आधी घासून लख्ख करायच्या, मग चारी कडा वेल्डिंगने शिवून बंद करायच्या. कुठे फट राहिली आणि हवा आत गेली, तर स्टेनलेसवर साय धरते आणि पट्ट्या एकमेकींना चिकटत नाहीत. मग भट्टीत पिवळसर होईपर्यंत तापवायचं आणि ऐरणीवर ठोकायचं, आधी हलक्या हाताने, मग जोरात. पट्ट्या एकजीव झाल्या की घणाचा आवाज भरीव येतो. पुढे दोन्ही बाजूंनी घासत न्यायचं, की शेवटी मधलं पोलाद बरोब्बर धारेवर बाहेर यावं. मग तापवून तेलात बुडवायचं. आम्ही त्याला पाणी पाजणं म्हणतो, पाजतो मात्र तेल.

सगळा धोका घासण्यात. एका बाजूने जास्त घासलं गेलं, तर धार मधल्या पोलादावर न येता बाजूच्या स्टेनलेसवर येते. चाकू दिसायला तसाच देखणा, पण आठ दिवसांत बोथट.

ठोकायचं काम बिसाहूचं आणि घासायचं माझं. बिसाहू अभनपूरजवळच्या एका गावचा, पिढीजात लोहार. नांगराचे फाळ आणि हंसिये, म्हणजे विळे, करणाऱ्या घरातला. रेल्वेच्या ठेकेदाराकडे तो घण मारायला होता तेव्हापासूनची आमची ओळख. मी नोकरी सोडून भट्टी टाकली तेव्हा तो न बोलावता आला आणि राहिला. माझ्याबरोबर राहून मराठी शिकला, आमच्यासारखीच बोलायला लागला. बोलायचा मात्र कमी. पट्ट्यांची चळत तोच रचायचा, ठोकायचा, आणि पाती थंड झाली की एका ट्रेमध्ये मांडून माझ्याकडे सरकवायचा. प्रत्येक पात्याच्या वरच्या अंगाला खडूची एक बारीक रेघ असायची. ही कशाला म्हणून मी एकदा विचारलं होतं. "हे बाजू सपाट हाय भैया, इकडूनच पयले घासा," म्हणाला. मी तसंच करत आलो. खडूची बाजू आधी, मग दुसरी.

रायपूर राजधानी झालं आणि गिऱ्हाईक बदललं. आधी आमच्याकडे कसाई, भाजीवाले, फार तर एखादा खानावळवाला यायचा. आता हॉटेलं उघडली, केटरर वाढले, मोठ्या साहेबांच्या स्वयंपाकघरांतून माणसं यायला लागली. या नव्या लोकांना आमच्या चाकूवरची काळी रेघ खुपू लागली. पाणी पाजून झालं की आम्ही पातं फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवत असू. रेडिओवाल्यांच्या दुकानात मिळतं ते. त्यात पोलाद काळं पडतं, स्टेनलेस पांढरं राहतं, आणि धारेच्या वर नागमोडी रेघ उमटते. जाणकार माणूस ती रेघ पाहूनच चाकू उचलतो. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, गंज आहे. एका बाईंनी तर, हा कोणाचा तरी वापरलेला चाकू आहे, असं म्हणून हात पदराला पुसले. मग मी बुडवणं बंद केलं आणि प्रत्येक पातं पॉलिशच्या चाकावर आरशासारखं करू लागलो. बिसाहूला ते पसंत नव्हतं. रेघ दिसली पाहिजे, असं तो दोनदा म्हणाला. मी म्हटलं, विकत घेणाऱ्याला नको तर आपल्याला कशाला हवी.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक केटरर कागदात गुंडाळलेले दोन चाकू घेऊन आला. नवे होते, महिना झाला नव्हता. "भैया, टमाटर भी नहीं कट रहा," म्हणाला. मी त्यांची धार ग्राइंडरला टेकवली. आखूड, तांबूस, आळशी ठिणग्या. धारेवर पोलाद नव्हतंच.

त्याच वेळी चाकू आडवा कापून आत पाहिलं असतं तर हे सगळं तिथेच थांबलं असतं. पाच मिनिटांचं काम. पण मला आत पाहायचं नव्हतं, मला माणूस हवा होता. पट्ट्या कोण रचतो? बिसाहू. कपाटातून पोलाद कोण काढतो? बिसाहू. मध्ये पोलादाऐवजी काहीतरी फालतू घालून चांगला पाटा बाहेर नेणं त्यालाच शक्य होतं. अभनपूरकडे धान कापणीचे विळे आणि नांगराचे फाळ कायम लागतात, आणि त्याच्या भावाची तिथे भट्टी होती. एवढं मी एका दुपारी बसल्या बसल्या जुळवून टाकलं.

मग खडूची रेघ डोळ्यांत सलायला लागली. बाजू सपाट आहे म्हणे. मी दोन्ही बाजूंवर बोट फिरवून पाहिलं, मला काही फरक लागला नाही. म्हणजे ही खूण माझ्यासाठी नसून त्याच्या स्वतःसाठी आहे, कुठलं पातं खरं आणि कुठलं खोटं हे ओळखण्यासाठी. मी त्याला काही बोललो नाही. तो जेवायला गेला की ट्रेमधली पाती काढायची, ओल्या फडक्याने खडू पुसायचा, पाती उलटसुलट करून पुन्हा मांडायची, असं सुरू केलं. खूण गेली की याचा डाव उघडा पडेल, असा माझा हिशेब. पोलादाच्या कपाटाला कुलूपही लावलं आणि किल्ली कमरेला. बिसाहूने कुलपाकडे पाहिलं, काही विचारलं नाही. त्याचं न विचारणंही मला संशयास्पद वाटलं.

आणि झालं असं की डाव खरंच उघडा पडू लागला. पुढच्या दोन महिन्यांत आणखी चाकू परत आले. आधी कधीतरी एखादा यायचा, आता निम्मे यायला लागले. सगळ्यांच्या धारेवर त्याच तांबूस ठिणग्या. मला तर आनंदच झाला म्हणायला हरकत नाही. आपला संशय खरा ठरला की माणसाला नुकसानाचंही काही वाटत नाही.

तो केटरर पुन्हा आला त्या दिवशी मी बोललो. समोरच्या चहाच्या टपरीवर नेहमीची पाचसात माणसं होती, मालधक्क्यावरचे हमाल होते. मी बिसाहूला भट्टीजवळून बाहेर रस्त्यावर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, पोलाद कुठे नेतोस. त्याला पहिल्यांदा समजलंच नाही. मी परत आलेले चाकू त्याच्या पुढ्यात टाकले आणि म्हटलं, "धारेत पोलाद नाही. रचतोस तू. आता तूच सांग."

त्याने एक चाकू उचलला, उन्हात धरून पात्याच्या पाठीकडून पाहिला, मग दुसरा पाहिला. मग ट्रेकडे पाहिलं, तिथे पाती बिनखडूची पडली होती. "खडू कोणं पुसला?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, मी पुसला. त्याने हातातला चाकू खाली ठेवला. मग आत गेला, सांडशी जागेवर टांगली, चप्पल घातली आणि स्टेशनच्या बाजूला चालू लागला. काही बोलला नाही म्हणजे कबुलीच, असं टपरीवर ठरलं. मीही तेच ठरवलं.

उन्हाळ्यात समता कॉलनीतल्या आंबेकर वहिनी आल्या. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. मुली मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात, पण कैरीचं लोणचं मात्र अजून घरीच घातलं जातं. दोन दिवस कैऱ्या चिरून झाल्यावर त्या चाकू घेऊन आल्या होत्या, आणि त्यांचा नूर चांगला नव्हता.

"तुमी मले अर्धाच चाकू स्टीलचा देल्ला," त्या म्हणाल्या. "हे पाहा. एकीकडून काळा पडला, दुसरीकडून कोराच्या कोरा. काहून असं?"

मी चाकू हातात घेतला. एका अंगाला, धारेपासून थोडं वर, काळा पट्टा उमटला होता. धार मात्र पांढरी. दुसरं अंग सबंध पांढरं. कैरीच्या आंबटाने तेच केलं होतं जे मी करणं बंद केलं होतं. मधलं पोलाद कुठे आहे ते दाखवलं होतं. पोलाद होतं. चांगलं काळंभोर होतं. फक्त धारेवर नव्हतं. एका बाजूने जास्त घासलं गेलं होतं, आणि घासणारा मी होतो.

वहिनींना दुसरा चाकू देऊन वाटेला लावलं. बिसाहूच्या हातची काही पाती अजून ट्रेमध्ये पडून होती. त्यातलं एक मी आडवं कापलं, काप घासून गुळगुळीत केला आणि फेरिक क्लोराइडच्या पाण्यात सोडला. काळी पट्टी उमटली. पोलाद अस्सल होतं, ठिणगी लावून पाहिली, फुलबाजी उडाली. बिसाहूने चोरी केलेली नव्हती.

पण मी काही सहजासहजी सुधारणारा माणूस नाही. त्या कापात मला दुसरंही काही दिसलं. दोन बाजूंच्या स्टेनलेसच्या पट्ट्या सारख्या नव्हत्या. एक जाड, दुसरी तिच्या निम्मीच. दुसरं पातं कापलं, तसंच. तिसरं कापलं, तसंच. अस्सं, म्हटलं. पोलाद नाही चोरलं, पण स्टेनलेस वाचवत होता. म्हणजे अभनपूरला गेलो तो एका हातात माफी आणि दुसऱ्या हातात ते कापलेले तुकडे घेऊन.

अभनपूरला त्या दिवशी बाजार भरला होता. बिसाहू बाजाराच्या टोकाला, भावाच्या भट्टीवर फाळांना टोक काढत बसला होता. पाऊस तोंडावर आलेला, शेतकऱ्यांची गर्दी होती. मला पाहून त्याने एक लाकडी ठोकळा पुढे सरकवला आणि हातातलं काम पुरं केलं. मग मी बोललो. कैरीची गोष्ट सांगितली, पोलाद खरं निघालं ते सांगितलं, माझी चूक झाली हेही म्हणालो. आणि मग तुकडे पुढे ठेवून विचारलं, ही एक पट्टी पातळ कशी?

त्याने तुकडे पाहिले आणि पहिल्यांदा थोडं हसला. जवळची एक लोखंडी पट्टी उचलून माझ्या हातात दिली, वर खडू दिला. म्हणाला, "याच्या मधात रेघ मारा भैया. डोयानं पाहून."

मी मारली. त्याने धानाची एक काडी घेतली, पट्टीच्या रुंदीएवढी तोडली, बरोबर मधोमध दुमडली आणि पट्टीवर ठेवली. माझी रेघ मध्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली होती. त्याने रेघ पुसली आणि पुन्हा मारायला सांगितली. पुन्हा तेवढीच सरकली, त्याच बाजूला. तिसऱ्यांदा मी अगदी डोळे बारीक करून मारली. तीही तशीच.

"तीन साल होऊन राहिले," बिसाहू म्हणाला. "पयले तुमची लाइन सरळ होती. मंग तुमी जिकडून पयले घासता, तिकडून जास्त काढू लागले. मी त्या बाजूले जाड पट्टी टाकू लागलो आन् खडू लावू लागलो. धार बरोबर पोलादावर येत होती."

मला एकदम सगळं दिसलं. मी खडू पुसून पाती उलटसुलट केली होती. जी पाती नशिबाने सरळ राहिली ती उत्तम निघाली, जी उलटली ती बाद. आणि केटररने आणलेले पहिले दोन? तेव्हा तर खडू पुसला नव्हता. मी तसं विचारलं.

"नातू झाला होता, त्याच्या छठीले आठ दिवस गावाले गेलो होतो," तो म्हणाला. "तवा कोणं ठोकलं होतं?"

मीच ठोकलं होतं. दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या घेऊन, शास्त्राप्रमाणे.

"मग मले सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"सांगतलं असतं तं तुमी काय म्हटलं असतं, भैया? बिसाहूले माझं दुकान पाहिजे, असंच म्हटलं असतं ना."

खरं होतं. हेच म्हटलं असतं, शब्दाला शब्द. त्याने मला बरोबर ओळखलं होतं आणि ओळखूनही तीन वर्षं माझ्या हातची धार सांभाळली होती. मी त्याला ओळखायला निघालो तो खडू पुसून. मला तिथे, त्या बाजारात, फाळ घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसांसमोर रडू आलं.

थोड्या वेळाने त्याने त्याची अडचण सांगितली. कामाची नव्हती, काम त्याला भरपूर होतं. पण गुढियारीच्या टपरीवर जे ठरलं होतं ते मालधक्क्यावरच्या हमालांबरोबर गावापर्यंत पोचलं होतं. त्याच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, लोक म्हणत होते, लोहा चोरला म्हणून मराठी सेठने याला काढलं. धाकट्या मुलीचं लग्न जुळत होतं, ते मुलाकडच्यांनी थांबवलं होतं. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टपरी भरलेली असताना, मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं की बिसाहूने काहीही चोरलेलं नाही, माझ्या डोळ्यांत दोष आहे, चाकू मी बिघडवले. त्या मुलाच्या घरीही जाऊन हेच सांगितलं. तिथे लोक समजूतदार निघाले, लग्न झालं. टपरीवर मात्र कोणीतरी चहाचा ग्लास ठेवला, आणि एक म्हातारा हमाल विचारपूर्वक म्हणाला, "अच्छा. तो फिर चोरी किसने की?"

चोरी झालीच नव्हती, हे मी त्याला समजावू शकलो नाही. चुंबकवाल्या गृहस्थांनाही काही समजावू शकलो नव्हतो.

मोतीबिंदू निघाला, एका डोळ्यात जास्त पिकलेला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. धान कापणी झाल्यावर बिसाहू परत आला, पूर्वीसारखाच न बोलावता. खरं तर मी दोनदा बोलावलं होतं, तो आपल्या सवडीने आला. आता दोन्ही पट्ट्या सारख्या असतात, खडू लागत नाही, आणि प्रत्येक पातं पुन्हा फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडतं. ज्याला काळी रेघ नको, त्याने दुसरीकडून घ्यावा. माझं घासणं हल्ली कमी झालंय, बहुतेक कामं त्याचीच. भट्टीवरच्या पाटीवर त्याचं नाव माझ्या नावाशेजारी घातलं.

एक गोष्ट मात्र त्याने आल्या दिवसापासून सुरू केली आणि अजून सोडलेली नाही. संध्याकाळी निघताना तो माझ्यासमोर येतो आणि आपली पिशवी बाकावर रिकामी करतो. जेवणाचा डबा, गमछा, चुन्याची डबी, कधी नातवंडांसाठी घेतलेले मुरमुऱ्याचे लाडू. डब्याचं झाकणसुद्धा काढून दाखवतो. मी दर वेळी म्हणतो, बिसाहू, राहू दे. तो "हव", म्हणजे हो, म्हणतो, आणि एकेक वस्तू सावकाश परत आत ठेवतो. त्याच्या चेहऱ्यावर राग नसतो. ऑपरेशननंतर मला चष्म्याशिवायही चांगलं दिसतं, त्यामुळे पिशवीत काय काय आहे ते सगळं अगदी स्वच्छ दिसतं.